लाखो कोटींचा भांडवली खर्च आणि रोजगाराचे आकडे: संसद हिशेब कसा विचारते?

दर १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपतं न संपतं तोच दोन आकडे सगळीकडे फिरू लागतात. पायाभूत सुविधांवर किती लाख कोटी खर्च होणार, हा एक. त्यातून किती रोजगार उभे राहणार, हा दुसरा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने भांडवली खर्चासाठी ११ लाख २१ हजार कोटी रुपये धरले होते. २०१९-२० मध्ये प्रत्यक्ष झालेला हाच खर्च ३ लाख ३६ हजार कोटींच्या आसपास होता. सहा वर्षांत तिपटीहून जास्त वाढ झाली.

यातला मोठा भाग कर्जाचा आहे आणि ते कर्ज आज शाळेत जाणारी मुलं फेडणार आहेत. म्हणून रस्ता झाला का, ठरलेल्या पैशात झाला का, आणि सांगितलं तेवढ्या लोकांना काम मिळालं का, हे कुणीतरी अधिकाराने विचारायला हवं. राज्यघटनेने तो अधिकार संसदेला दिला आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी संसदेकडे बऱ्यापैकी साधनं आहेत, ती पुरेशी वापरली जात नाहीत. तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे रोजगारासाठी, मोजायचं मापच ठरलेलं नाही. माझ्या मते खरी दुखरी जागा ही आहे.

भांडवली खर्च कशाला म्हणायचं?

ज्या खर्चातून टिकाऊ मालमत्ता उभी राहते तो भांडवली खर्च: रेल्वेमार्ग, धरण, पूल, रुग्णालयाची इमारत, लष्कराची विमानं. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं, औषधं हा रोजचा खर्च महसुली. अर्थसंकल्पात हे दोन खर्च वेगळे दाखवलेच पाहिजेत, असं राज्यघटनेचं कलम ११२ सांगतं.

व्याख्या सोपी असली तरी वर्गीकरणात गुंते आहेत. केंद्राने राज्याला रस्त्यासाठी कर्ज दिलं तर केंद्राच्या वहीत तो भांडवली खर्च होतो. राज्यांना पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जासाठी २०२५-२६ मध्ये दीड लाख कोटी रुपये ठेवले होते, ते या ११ लाख २१ हजार कोटींतच मोजलेले आहेत. तोच रस्ता कर्जाऐवजी अनुदानातून झाला तर मात्र केंद्राच्या वहीत महसुली खर्च दिसतो, कारण मालमत्ता राज्याची होते. गावातली विहीर, शेततळं, पाणंद रस्ता रोजगार हमीतून झाला तर तोही केंद्राच्या महसुली खात्यात जातो. ही अनुदानं धरून जो आकडा निघतो त्याला ‘परिणामी भांडवली खर्च’ म्हणतात. २०२५-२६ साठी तो साडेपंधरा लाख कोटींच्या जवळ होता. भाषणात कोणता आकडा वापरला जातोय, हे त्यामुळे आधी पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण स्वतः बाजारातून मोठी कर्जं काढायचं आणि ती अर्थसंकल्पाबाहेर राहायची. २०२२-२३ पासून प्राधिकरणाची नवी उचल थांबली आणि तो पैसा थेट अर्थसंकल्पातून जाऊ लागला. रेल्वेच्या बाबतीतही असाच बदल झाला. म्हणजे भांडवली खर्चातली काही वाढ खरी नवी आहे आणि काही वाढ जुनाच खर्च दुसऱ्या वहीत आल्यामुळे दिसते. हा बदल मी चांगलाच मानतो, कारण अर्थसंकल्पात आलेला पैसा संसदेच्या नजरेखाली येतो. पण ‘तिप्पट खर्च, तिप्पट काम’ असं गणित त्यातून मांडता येत नाही.

पैसा मंजूर कसा होतो?

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा आठवा. कार्यकारिणी सांगते की लिफ्ट बदलायची आहे, इतका खर्च येईल. सभासद प्रश्न विचारतात, ठराव होतो, मग चेक निघतो. वर्षाअखेर ऑडिटर हिशेब तपासतो आणि पुढच्या सभेत त्याचा अहवाल येतो. देशाच्या कारभारात मंत्रिमंडळ ही कार्यकारिणी, लोकसभा ही सभा आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, हे ऑडिटर.

सरकारचा सगळा पैसा संचित निधीत जमा होतो आणि संसदेच्या परवानगीशिवाय त्यातून रुपयाही काढता येत नाही. प्रत्येक मंत्रालय आपला खर्च ‘अनुदानाच्या मागणी’च्या रूपात लोकसभेपुढे ठेवतं. अशा शंभरच्या आसपास मागण्या असतात. लोकसभा त्यांवर मतदान करते. राज्यसभा चर्चा करू शकते, मत देऊ शकत नाही. त्यानंतर विनियोजन विधेयक मंजूर होतं आणि तिजोरी उघडते. कर्जावरचं व्याज, न्यायाधीशांचे पगार असा काही खर्च मतदानाला येतच नाही, त्यावर फक्त चर्चा करता येते. वर्षाच्या मध्ये पैसा कमी पडला किंवा मूळ अर्थसंकल्पात नसलेलं एखादं नवं काम निघालं, तर सरकारला पुरवणी मागण्या घेऊन पुन्हा संसदेत यावं लागतं.

एखाद्या खासदाराला मागणी पटली नाही तर तो कपात सूचना देऊ शकतो. धोरणच चुकीचं वाटलं तर मागणी एक रुपयावर आणा असं म्हणता येतं, आणि एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधायचं असेल तर शंभर रुपये कमी करा अशी सूचना देता येते. पण अशी सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असं मानलं जातं. त्यामुळे पक्षादेश निघतो आणि सूचना पडते.

कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. तिची दुर्बलता वेळेत आहे. मागण्यांवरच्या चर्चेसाठी मोजकेच दिवस मिळतात आणि त्यात मोजक्याच मंत्रालयांचा नंबर लागतो. शेवटच्या दिवशी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मतास टाकतात. याला संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ च्या मार्चमध्ये गोंधळामुळे सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. २३ मार्च २०२३ रोजी पुन्हा तेच घडलं आणि सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या मागण्या लोकसभेने चर्चा न करता संमत केल्या. त्या वर्षी भांडवली खर्चाची तरतूद पहिल्यांदाच दहा लाख कोटींवर गेली होती. सोसायटीत पाच लाखांच्या लिफ्टवर दोन तास वाद होतो. दहा लाख कोटींच्या मागण्यांवर लोकप्रतिनिधींनी काही तासही द्यायचे नाहीत, ही गोष्ट गंभीर आहे आणि तिचा दोष गोंधळ घालणाऱ्यांवर आणि गोंधळ मिटवण्याची घाई न करणाऱ्यांवर, दोघांवर येतो.

समित्या: जिथे खरे प्रश्न विचारले जातात

सभागृहात वेळ नसतो, म्हणून बारकाईचं काम समित्यांकडे सोपवलं आहे. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात, आणि त्यामुळेच तिथे पक्षाची भूमिका थोडी बाजूला ठेवून प्रश्न विचारता येतात.

सगळ्यात जुनी लोकलेखा समिती, १९२१ सालची. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. झालेला खर्च मंजुरीप्रमाणे झाला का, आणि शहाणपणाने झाला का, हे ती कॅगच्या अहवालांच्या आधारे पाहते. अंदाज समिती १९५० ची, तिचे तीसही सदस्य लोकसभेचे. काटकसर कुठे करता येईल आणि काम अधिक चांगलं कसं होईल, हे ती सुचवते. सरकारी कंपन्यांसाठी १९६४ पासून सार्वजनिक उपक्रम समिती आहे. रस्ते, रेल्वे, कामगार, ग्रामविकास अशा विषयांच्या विभागनिहाय स्थायी समित्या १९९३ मध्ये आल्या. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ खासदार असतात.

भांडवली खर्चाच्या दृष्टीने या स्थायी समित्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण पैसा मंजूर होण्याआधी मागण्या तपासणाऱ्या त्याच आहेत. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या मंत्रालयाच्या सचिवांना बोलावतात. मागच्या वर्षी दिलेले पैसे का उरले? भूसंपादन कुठे अडलं? डिसेंबरपर्यंत निम्मेच खर्च झाले असतील तर मार्चमध्ये एकदम काय करणार? शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, अशी अर्थ मंत्रालयाची मर्यादा आहे. ती पाळली गेली का, हे विचारण्याची जागाही हीच.

२०२४ मध्ये ही पायरीच गळली. निवडणुकीनंतर पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला आणि स्थायी समित्या सप्टेंबरअखेर नेमल्या गेल्या. मागण्या तोवर मंजूर झाल्या होत्या. त्या अर्थसंकल्पातली भांडवली तरतूद ११ लाख ११ हजार कोटींची होती. पुढे सुधारित अंदाजात ती १० लाख १८ हजार कोटींवर आली. निवडणुकीच्या वर्षात काम मंदावतं हे खरं आहे. तरीही जवळपास ९३ हजार कोटी का खर्चता येणार नाहीत, याची चाहूल आधी लागू शकली असती, निदान प्रश्न नोंदवला गेला असता.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण सरकारला उत्तर द्यावं लागतं. स्थायी समितीच्या अहवालावर काय केलं हे साधारण तीन महिन्यांत कळवायचं असतं आणि मंत्र्याला सभागृहात त्याबद्दल निवेदन करावं लागतं. उत्तर समाधानकारक नसेल तर समिती तसं छापील अहवालात म्हणते. हे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत. वाचले जात नाहीत, याचं वाईट वाटतं, कारण कामं का रखडतात याची इतकी प्रामाणिक नोंद सरकारी कागदांत दुसरीकडे फारशी सापडत नाही.

ऑडिटर काय शोधतो?

कॅगचं पद घटनात्मक आहे आणि त्यांचे अहवाल कलम १५१ नुसार राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतात. एक मोठं उदाहरण घेऊ. भारतमाला परियोजनेच्या पहिल्या टप्प्याला ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली: ३४,८०० किलोमीटर महामार्ग, ५ लाख ३५ हजार कोटी रुपये, मुदत २०२२. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेल्या कॅगच्या अहवालात असं दिसलं की मार्च २०२३ पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामं दिली होती आणि त्यांचाच मंजूर खर्च साडेआठ लाख कोटींच्या जवळ गेला होता. म्हणजे लांबी कमी, खर्च जास्त. किलोमीटरमागे १५ कोटी ३७ लाख धरले होते, ते ३२ कोटी १७ लाख झाले. पूर्ण झालेली लांबी होती १३,४९९ किलोमीटर.

याच अहवालातला दिल्ली-गुरुग्रामला जोडणाऱ्या द्वारका द्रुतगती मार्गाचा भाग जास्त गाजला. किलोमीटरला १८ कोटी २० लाख मंजूर असताना २५० कोटी ७७ लाखांची मान्यता कशी, असा आक्षेप होता. सरकारचं उत्तर होतं की ही तुलनाच चुकीची आहे, कारण १८ कोटी ही सबंध योजनेची सरासरी आहे आणि हा रस्ता उन्नत मार्ग व बोगदे असलेला आठ पदरी आहे. या उत्तरात तथ्य आहे. उन्नत रस्ता जमिनीवरच्या रस्त्याच्या दरात होत नाही. पण मग उन्नत बांधायचा निर्णय कोणी, कोणत्या पातळीवर, कोणते पर्याय तपासून घेतला, हा प्रश्न उरतोच. ऑडिटरचा आक्षेप म्हणजे भ्रष्टाचाराचा निकाल नसतो. तो एक प्रश्न असतो आणि त्याचं कागदोपत्री उत्तर मागण्यासाठीच लोकलेखा समिती आहे. वाहिन्यांवरच्या चर्चेत मात्र आक्षेपालाच निकाल समजलं जातं आणि सरकारी उत्तर ऐकलं की विषय संपतो. दोन्ही वेळा नुकसान आपलंच होतं.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती ३७२ कोटी रुपये. भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि केंद्राचा मोठा पैसा येऊ लागला. पुढच्या सुधारित मान्यतेत किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली, मूळच्या सुमारे पन्नास पट. चार दशकांत भाववाढ झाली, पुनर्वसनाचा खर्च वाढला, भूसंपादनाचे दर बदलले, कामाची व्याप्तीही बदलली. पण उशीर हेच यातल्या बऱ्याच वाढीचं कारण आहे. दरवर्षी थोडा पैसा, दरवर्षी थोडं काम, आणि तोपर्यंत दर पुन्हा वाढलेले.

असा प्रकल्प दोन सभागृहांच्या मध्ये पडतो. धरण राज्याचं, म्हणून विधिमंडळाने विचारायचं. पैसा केंद्राचाही, म्हणून संसदेने विचारायचं. दोघांनाही अर्धीच वही दिसते. राज्य ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ पाठवतं, म्हणजे दिलेला पैसा त्याच कामावर वापरल्याचा दाखला, आणि दिल्लीतल्या हिशेबात तेवढा पैसा ‘खर्च झाला’ ठरतो. त्या पैशातून कालव्यात पाणी आलं का, हे त्या दाखल्यावरून कळत नाही.

गोसीखुर्द टोकाचं उदाहरण वाटेल, पण दिरंगाई सार्वत्रिक आहे. दीडशे कोटी किंवा त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांवर सांख्यिकी मंत्रालय लक्ष ठेवतं. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या यादीत १,८७३ प्रकल्प होते. त्यातले ७७९ मुदत ओलांडून गेले होते आणि एकूण अपेक्षित खर्च मूळ अंदाजापेक्षा सुमारे ५ लाख कोटींनी वाढला होता.

रोजगाराचा आकडा: मोजायचं काय?

आता मुख्य गाठ. ‘या प्रकल्पातून एक कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण होईल’ असं वाक्य ऐकलं की एक कोटी लोकांना काम मिळणार असं वाटतं. मनुष्यदिवस म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम. वर्षात २५० दिवस काम धरलं तर एक कोटी मनुष्यदिवस म्हणजे ४० हजार माणसांना एक वर्ष काम. प्रकल्प चार वर्षांचा असेल तर त्या काळात सरासरी १० हजार माणसं कामावर. काम संपलं की तेही संपलं. आकडा खोटा नसतो, पण एक कोटी आणि दहा हजार यांतलं अंतर कुणी उलगडून सांगत नाही.

दुसरा गुंता प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष रोजगाराचा. रस्त्यावर काम करणारा मजूर प्रत्यक्ष. सिमेंटच्या कारखान्यातला कामगार अप्रत्यक्ष. प्रत्यक्ष रोजगार हजेरीपटावर मोजता येतो. अप्रत्यक्ष रोजगार गुणकाने काढतात, म्हणजे ‘एवढ्या कोटींच्या बांधकामामागे एवढी कामं’ असं ठरीव प्रमाण लावतात. हे प्रमाण जुनं असेल तर उत्तर फुगतं, कारण यंत्रं वाढली आहेत. जिथे पूर्वी शंभर माणसं माती उचलायची तिथे आज एक पोकलेन आणि दोन-चार माणसं पुरतात. म्हणून भांडवली खर्च तिप्पट झाला म्हणजे मजुरांच्या हाताला काम तिप्पट झालं, असं आपोआप म्हणता येत नाही. भांडवली खर्चातल्या एका रुपयामागे देशाच्या उत्पन्नात एकाहून बऱ्याच जास्त रुपयांची भर पडते, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. ते उत्पन्नाबद्दल असतं. उत्पन्न वाढणं आणि नोकऱ्या वाढणं या जोडलेल्या पण वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: हे काम एरवीही मिळालंच असतं का? जुलै २०२५ मध्ये केंद्राने रोजगाराशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेला मान्यता दिली. तरतूद ९९,४४६ कोटी रुपये, उद्दिष्ट दोन वर्षांत साडेतीन कोटींहून जास्त रोजगार. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात भविष्यनिर्वाह निधीत नोंद होणाऱ्या नव्या कामगारांसाठी त्यांना आणि मालकांना रक्कम मिळते. इथे मोजणं तुलनेने सोपं आहे, कारण खातं उघडलं की नोंद होते. पण खातं नवं म्हणजे काम नवंच असं नाही. आधीपासून रोखीत पगार घेणारा कामगार आता कागदावर आला असेल. त्यालाही फायदाच आहे, भविष्यनिर्वाह निधी मिळतो. फक्त त्याला ‘नवा रोजगार’ म्हणायचं का, हे संसदेने विचारायला हवं.

याच्या उलट बाजूला महाराष्ट्राचाच अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथे प्रत्येक मजुराचं नाव, प्रत्येक दिवस आणि प्रत्येक मजुरी मस्टरवर यायची. खोटी मस्टरं झाली, पैसे खाल्ले गेले, आणि ते पकडताही आलं, कारण मोजायला नोंद होती. आपल्या विधिमंडळात या योजनेसाठी स्वतंत्र समिती आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे गावाने मिळून कामाची आणि मजुरीची पडताळणी करण्याचा, अधिकार दिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. तो आधी समितीकडे पाठवावा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. कोट्यवधी मजुरांच्या पोटाशी संबंधित कायद्याची समितीत छाननी व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस वाढवले हे चांगलं की वाईट, हा त्यानंतरचा प्रश्न.

मोठ्या बांधकाम प्रकल्पांच्या बाबतीत असं मस्टर संसदेपर्यंत पोचत नाही. अनुदानाच्या मागणीत पैशाचे रकाने असतात, रोजगाराचा रकाना नसतो. ‘फलनिष्पत्ती’ सांगणारी पुस्तिका २००५ पासून अर्थसंकल्पासोबत येते. त्यात किती किलोमीटर, किती घरं, किती जोडण्या हे असतं. रोजगाराचा आकडा बहुतेक वेळा भाषणात किंवा प्रसिद्धीपत्रकात येतो, मागणीत येत नाही. आणि जे मागणीत नाही त्याच्याशी ऑडिटर नंतर खर्च ताडून पाहू शकत नाही.

उपाय फार गुंतागुंतीचा नाही. प्रकल्पाला मान्यता देतानाच प्रत्यक्ष रोजगार मनुष्यदिवसांत लिहावा, अप्रत्यक्ष वेगळा लिहून त्याचा गुणक सांगावा, आणि काम संपल्यावरही टिकणारी पदं किती ते तिसऱ्या रकान्यात द्यावं. बांधकाम मजुरांची नोंद आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा ठेकेदाराला कायद्याने करावाच लागतो. तोच दरवर्षी मागणीसोबत जोडला तर समितीला ताडून पाहता येईल.

‘पण तपासणीमुळेच कामं रखडतात ना?’

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. प्रकल्पांच्या उशिराची जी कारणं सरकारी अहवाल नोंदवतात त्यात भूसंपादन, वन आणि पर्यावरण परवानग्या, वीजतारा नि जलवाहिन्या हलवणं, निविदेतले वाद, कामाच्या व्याप्तीत बदल ही असतात. संसदेने प्रश्न विचारले म्हणून पूल थांबला, असं त्यात आढळत नाही.

एक भीती मात्र खरी आहे. दहा वर्षांनी आपल्याला चौकशीला तोंड द्यावं लागेल या धास्तीने अधिकारी सही टाळतात, फाइल वर पाठवतात. निर्णय घेताना जी माहिती हाती होती तिच्या आधारे निर्णय तपासावा, नंतर कळलेल्या गोष्टींवरून नको, हे ऑडिटरने आणि समितीने पाळलं तर ही धास्ती कमी होईल. त्यासाठी तपासणी लवकर हवी. काम चालू असताना विचारलेला प्रश्न दुरुस्तीला उपयोगी पडतो. आठ वर्षांनी विचारलेल्या प्रश्नाने फक्त दोषी शोधता येतो.

‘खासदारांना यातलं काय कळतं?’

संसद अभियंत्यांची नाही आणि तशी ती असण्याची गरजही नाही. लोकलेखा समितीला कॅगचं साहाय्य असतं आणि कोणतीही समिती तज्ज्ञांना बोलावू शकते. खरी अडचण सातत्याची आहे. स्थायी समितीची मुदत एक वर्षाची असते. रेल्वेचा हिशेब कळायला लागतो तोवर सदस्य बदललेले असतात. संशोधन करून देणारा कर्मचारीवर्गही कामाच्या मानाने तोकडा आहे. मुदत किमान दोन वर्षांची केली तर पहिल्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या वर्षी तीच माणसं मागू शकतील.

‘बहुमत असल्यावर कोण ऐकतं? आणि शेवटी निवडणूक आहेच की’

बहुमत असलेल्या सरकारची मागणी नामंजूर होत नाही, हे मान्य. म्हणून संसदेची ताकद पैसा अडवण्यात शोधू नये. सचिवाला समोर बसवून उत्तर लेखी घेणं, ते छापणं आणि पुढच्या वर्षी तेच पान उघडून पुन्हा विचारणं, यात ती आहे. मंत्री सभागृहात ‘माहिती गोळा करून देऊ’ म्हणाले तर ते आश्वासन ठरतं, ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला वेगळी समिती आहे.

निवडणुकीबद्दल एवढंच: धरणाला चाळीस वर्षं लागतात, लोकसभा पाच वर्षांची असते. गोसीखुर्दला मान्यता देणाऱ्या, उशीर करणाऱ्या आणि खर्च वाढवणाऱ्या सगळ्यांना एका मतदानात जाब विचारता येत नाही. समितीचे अहवाल आणि ऑडिटरची नोंद सरकार बदललं तरी टिकते.

महामंडळांचं काय?

बरीच मोठी कामं आता मंत्रालय स्वतः करत नाही. प्राधिकरण, महामंडळ किंवा खास त्या प्रकल्पासाठी काढलेली कंपनी करते. राज्यात समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाने उभारला. अशा संस्थांनी काढलेलं कर्ज मागण्यांत थेट दिसत नाही, पण अनेकदा त्यामागे सरकारची हमी असते, आणि संस्था अडचणीत आली तर भार तिजोरीवरच येतो. सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेत सरकारी कंपन्या येतात, परंतु उपक्रम शेकडो आणि समितीला एका वर्षात मोजकेच तपासता येतात. खासगी भागीदारीच्या प्रकल्पात तर टोलचे हिशेब आणि करारातल्या सवलती वीस-तीस वर्षं चालतात. या करारांचा वार्षिक गोषवारा संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे यायला हवा.

आपण काय विचारू शकतो?

संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्थायी समितीचे अहवाल मिळतात, कॅगचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर. आपल्या भागातल्या प्रकल्पासाठी रस्ते, रेल्वे किंवा जलशक्ती मंत्रालयाच्या मागण्यांवरचा अलीकडचा अहवाल उघडून जिल्ह्याचं किंवा प्रकल्पाचं नाव शोधलं तरी बरंच हाती लागतं. त्यानंतर खासदाराला पत्र लिहून प्रश्न विचारायला सांगता येतं. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, त्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित २३० असतात, त्यांचं उत्तर लेखी मिळतं. आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा.

प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. ‘या प्रकल्पाचं काम कधी पूर्ण होणार?’ याला ‘लवकरात लवकर’ असं उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारावं: मूळ मान्यतेची तारीख, किंमत आणि मुदत काय होती, आजवर किती वेळा सुधारित मान्यता दिली आणि प्रत्येक वेळी कोणत्या कारणासाठी किती वाढ झाली, गेल्या तीन आर्थिक वर्षांत तरतूद किती आणि खर्च किती, त्याच तीन वर्षांत ठेकेदारांनी किती कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला आणि प्रत्यक्ष किती मनुष्यदिवस काम झालं. शेवटच्या भागाला ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ असं उत्तर येण्याची दाट शक्यता आहे. ते आलं तर त्याची प्रत संबंधित स्थायी समितीच्या सचिवालयाला पाठवावी. मागण्यांच्या छाननीत समिती सचिवांना नेमकं तेच विचारू शकते की, माहिती ठेवली जात नसेल तर रोजगाराचा आकडा कशावरून जाहीर केला होता.